अनेक फायली एकत्र जोडल्यावर नेमस्पेसने कसं वागावं?

रानभूल

नमस्कार मंडळी. प्रोग्रामिंग भाषांच्या रचनेत रस असणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून धागा इथेच काढतोय.

आमच्या टीममध्ये मालवाहतुकीचे दर ठरवायचे नियम लिहिण्यासाठी एक छोटी भाषा तयार होते आहे. नियम वेगवेगळ्या फायलींमध्ये असतात. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर नेमस्पेसची ओळ (फाइलीतली नावं कुठल्या गटातली ते सांगणारी), तिच्याखाली बाहेरून आणलेल्या नावांच्या 'वापर' ओळी आणि मग नियम. सुट्या फायली चालवल्या की सगळं सुरळीत चालतं.

ग्राहकाला मात्र आम्ही एकच फाइल देतो. त्यांचे हिशेबतपासनीस ती छापून घेतात, वाचतात आणि तीच मंजूर करतात. त्यामुळे झिप वगैरे करून देणं शक्य नाही, वाचता येईल असा सलग मजकूरच हवा. अडचण इथे सुरू होते. एका फाइलीत हे आहे:

नेमस्पेस दर\घाट;
वापर राज्य\पथकर;

दुसरीत हे:

नेमस्पेस दर\घाट;
वापर महामार्ग\पथकर;

नेमस्पेस एकच, पण 'पथकर' दोन वेगळे. फायली एकाखाली एक चिकटवल्या की कंपायलर, म्हणजे नियम वाचून चालवण्याजोगे करणारा प्रोग्राम, म्हणतो, पथकर हे नाव आधीच घेतलेलं आहे. टीममधल्या एकाचं म्हणणं आहे की शेवटची 'वापर' ओळ ग्राह्य धरावी. मला ते धोक्याचं वाटतं, कारण मग पहिल्या फाइलीतल्या बिलात भलताच पथकर लागेल आणि कुणाला कळणारही नाही.

प्रश्न असे: फाइलीच्या मध्येच दुसरी नेमस्पेस ओळ चालू द्यावी का? की महिरपी कंसांचे ब्लॉक हवेत? 'वापर' ओळीची हद्द कुठवर? आणि ज्या नियमांना नेमस्पेसच नाही त्यांचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टिंबटिंब

रानभूल, या वाटेने पीएचपी ही वेबसाइटसाठीची भाषा आधीच जाऊन आली आहे, त्यामुळे तिचं उदाहरण नीट बघा. नेमस्पेस त्या भाषेत ५.३ आवृत्तीत आले, ३० जून २००९ ला. त्याआधी बराच काळ वाद चालू होता. सुरुवातीला विभाजक म्हणून दोन विसर्गचिन्हं, म्हणजे क्लासच्या स्टॅटिक मेथडला वापरतात तीच, घ्यायचं ठरलं होतं. पण मग 'घाट::दर()' लिहिलं तर घाट हा क्लास आणि दर ही त्याची मेथड, की घाट हा नेमस्पेस आणि दर हे त्यातलं फंक्शन, हे सांगता येईना. ऑक्टोबर २००८ मध्ये बॅकस्लॅशवर शिक्कामोर्तब झालं. लोकांनी तेव्हा फार नावं ठेवली, पण तो निर्णय योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. दिसायला कसंही असलं तरी वाचणाऱ्याला अर्थ एकच लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पीएचपीत नेमस्पेसची ओळ हे फाइलीतलं पहिलं विधान असावं लागतं, तिच्याआधी फक्त डिक्लेअर (सेटिंग सांगणारं विधान) चालतं. एका फाइलीत अनेक नेमस्पेस दोन प्रकारे लिहिता येतात. एक तर मध्येच नवी नेमस्पेस ओळ टाकायची, मग आधीचा तिथे संपतो. नाहीतर प्रत्येकाला महिरपी कंस घालायचे. एकाच फाइलीत दोन्ही पद्धतींची सरमिसळ चालत नाही, आणि कंस वापरले की डिक्लेअर सोडून कुठलाही कोड कंसांबाहेर ठेवता येत नाही. नेमस्पेस नसलेला कोड असेल तर त्यालाही बिननावाचा ब्लॉक लागतो: नुसतं 'नेमस्पेस' आणि लगेच कंस. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी तेच देईन. अधिकृत मॅन्युअल तर स्पष्टच सांगतं की एका फाइलीत अनेक नेमस्पेस लिहिण्याची सवय लावून घेऊ नका, ही सोय मुख्यतः अनेक स्क्रिप्ट एका फाइलीत जोडण्यासाठी आहे. म्हणजे तुमची गरज डोळ्यांसमोर ठेवूनच तो नियम केलेला आहे.

आयात केलेल्या नावांचा हिशेब कंपाइल होतानाच लागतो आणि तो त्या ब्लॉकपुरताच असतो. पुढचा ब्लॉक सुरू झाला की पाटी कोरी, मग त्याचा नेमस्पेस तोच असला तरी. एका फाइलीने दुसरी इन्क्लूड केली, म्हणजे चालताना आत ओढली, तरी पहिलीची टोपणनावं (आयात केलेली छोटी नावं) दुसरीत उतरत नाहीत.

मी याचं सार असं काढतो: पूर्ण नाव सगळ्या प्रोग्रामचं असतं, टोपणनाव मात्र ज्या फाइलीत लिहिलं तिचंच. जोडणी करताना नेमस्पेस एकत्र येऊ द्या, टोपणनावं येऊ देऊ नका. तुमच्या उदाहरणात 'दर\घाट' चे दोन स्वतंत्र ब्लॉक होतील, प्रत्येकात आपापला पथकर. कंस माणसाने लिहायची गरज नाही, जोडणाऱ्या साधनाने घालावेत. तो कंस म्हणजे मूळ फाइलीची हद्द.

अर्धविराम

टिंबटिंब यांच्याशी सहमत. गो भाषेत हीच विभागणी भाषेच्या व्याख्येतच करून ठेवली आहे. तिथे एका फोल्डरमधल्या सगळ्या फायली मिळून एक पॅकेज. एकीतलं फंक्शन दुसरीत सरळ दिसतं, आयात करावी लागत नाही. पण इम्पोर्टने आणलेलं नाव फक्त त्या फाइलीपुरतं. व्याख्येत याला पॅकेज ब्लॉक आणि फाइल ब्लॉक अशी वेगळी नावं आहेत, आणि एकच नाव दोन्हींत असेल तर कंपायलर अडवतो.

अगदी तुमच्या पथकरासारखं उदाहरण गोमध्ये रोज भेटतं. प्रमाणित लायब्ररीत रँड नावाची दोन पॅकेजेस आहेत, एक मॅथखाली आणि एक क्रिप्टोखाली. पहिलं साध्या यादृच्छिक आकड्यांसाठी, दुसरं सुरक्षेच्या कामासाठी. एका फाइलीने एक आणलं आणि शेजारच्या फाइलीने दुसरं, तर दोन्ही 'रँड' म्हणूनच वापरतात आणि काही बिघडत नाही. त्या दोन फायली एकत्र चिकटवल्या की मात्र भांडण. आणि इथे 'शेवटची ओळ ग्राह्य' हा नियम असता तर? सुरक्षेच्या किल्ल्या साध्या आकड्यांतून तयार झाल्या असत्या. म्हणून रानभूल, तुमच्या सहकाऱ्याची सूचना अजिबात मान्य करू नका. नियमाच्या बाबतीत कंपायलरने गप्प बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

गोमध्ये ब्लॉकवाला नेमस्पेस नाही, मग जोडायची वेळ आली की काय करतात? बंडल नावाचं एक साधन आहे. ते अख्खं पॅकेज एका फाइलीत आणतं आणि प्रत्येक वरच्या पातळीवरच्या नावाला उपसर्ग लावतं. गोच्या स्वतःच्या एचटीटीपी पॅकेजमध्ये एचटीटीपी-२ चा कोड बराच काळ याच पद्धतीने आला, सगळ्या नावांपुढे 'एचटीटीपी२' लावलेलं. काम होतं, पण ती फाइल माणसाने वाचायची नसते. तुमच्याकडे हिशेबतपासनीस वाचणार आहेत. त्यामुळे नावं बदलण्यापेक्षा ब्लॉकच बरे.

सातपुडा

मी सी आणि सी प्लस प्लस वाला. आमच्याकडे फायली जोडणं खूप जुनं आहे. एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: शंभराहून जास्त सी फायली एकाच प्रचंड फाइलीत जोडून देतात. कंपायलरला सगळा कोड एकदम दिसतो, त्यामुळे तयार होणारा प्रोग्राम वेगवानही होतो. त्यांचे लोक पाच टक्के किंवा जास्त फरक सांगतात. सीमध्ये नेमस्पेसच नाही, तरी हे जमतं, कारण बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक नावाला 'एसक्यूलाइट३' हा उपसर्ग पहिल्यापासून शिस्तीने लावलेला आहे. आतली नावं जोडताना स्टॅटिक होतात, म्हणजे बाहेर दिसतच नाहीत.

सी प्लस प्लसमध्ये नेमस्पेस आहेत, ब्लॉक आहेत, एकच नेमस्पेस हव्या तितक्या फायलींत उघडता येतो. कागदावर सगळं ठीक. पण युनिटी बिल्ड करायला घ्या, म्हणजे अनेक फायली एकीत घालून कंपाइल करा, की तीन गोष्टी फुटतात. एक, 'यूझिंग नेमस्पेस' ही ओळ फाइलीच्या पातळीवर लिहिली असेल तर तिचा परिणाम पुढच्या सगळ्या फायलींवर होतो. दोन, मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधीच मजकुरात बदलली जाणारी नावं. त्यांना नेमस्पेस माहीतच नसतो. तीन, आणि तुमच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, बिननावाचा नेमस्पेस. ज्या गोष्टी या फाइलीबाहेर दिसू नयेत त्या आम्ही त्यात ठेवतो. भाषेच्या लेखी तो प्रत्येक ट्रान्सलेशन युनिटला, म्हणजे एका वेळी कंपाइल होणाऱ्या मजकुराला, स्वतंत्र असतो. फायली जोडल्या की युनिट एकच, मग दोन फायलींतले खासगी 'मोजणी()' एकमेकांवर आदळतात. सीमेक या बिल्ड करणाऱ्या साधनात ३.१६ पासून युनिटी बिल्डची सोय आहे, एका वेळी आठ फायली असा मूळ हिशेब. नंतर त्यांना प्रत्येक फाइलीसाठी वेगळी खूण पुरवण्याची सोयही करावी लागली, ती याच कारणाने.

तेव्हा रानभूल, तुमच्या भाषेत फाइलीपुरतं खासगी असं काही आहे का? असेल तर त्याची हद्द 'फाइल' म्हणून ठरवू नका, 'ब्लॉक' म्हणून ठरवा. सुट्या फाइलीला कंस नसले तरी अख्खी फाइल हा एक ब्लॉकच समजायचा.

रानभूल

अर्धविरामताई, सातपुडा, टिंबटिंब, मनापासून आभार. खासगी नियम आहेत आमच्याकडे, आणि आत्ता ते फाइलीला बांधलेले आहेत. म्हणजे जोडल्यावर घाटाच्या फाइलीतला खासगी नियम बंदराच्या फाइलीला दिसेल. हे लक्षात आणून दिलंत ते फार बरं झालं.

अजून एक. नाव नेमस्पेसमध्ये सापडलं नाही तर ते मूळ, म्हणजे जागतिक पातळीवर शोधावं का? 'गोळाबेरीज', 'पूर्णांक' अशी अंगभूत फंक्शनं सगळीकडे लागतात. प्रत्येक वेळी पुढे बॅकस्लॅश लावायला लोक तयार नाहीत.

टिंबटिंब

इथे पीएचपीने जे केलं ते मी करू नका म्हणेन.

तिथे फंक्शन आणि कॉन्स्टंट आधी चालू नेमस्पेसमध्ये शोधतात, नाही मिळालं तर जागतिक पातळीवर. क्लासच्या बाबतीत असं करत नाहीत, क्लास फक्त चालू नेमस्पेसमध्ये किंवा आयात केलेल्यांत. क्लासला ऑटोलोड असतं, म्हणजे नाव आलं की त्याची फाइल आपोआप शोधून आणली जाते; दर वेळी आधी नेमस्पेसमध्ये नसलेला क्लास शोधत बसलं तर नसलेल्या फायलींचा शोध सुरू होईल. फंक्शनला ऑटोलोड नाही आणि अंगभूत फंक्शनं पदोपदी लागतात, म्हणून ही सवलत. त्यावेळचा विचार समजतो.

परिणाम काय होतो ते बघा. घाटाच्या फाइलीत कुणी नुसतं 'पूर्णांक(वजन)' लिहिलं. 'दर\घाट' मध्ये असं काही नाही, म्हणून अंगभूत चालतं. वर्षभराने दुसऱ्या फाइलीत, त्याच नेमस्पेसमध्ये कुणी स्वतःचं 'पूर्णांक' लिहिलं. फायली सुट्या असतील तर ती दुसरी फाइल इन्क्लूड होईपर्यंत जुनं वर्तन आणि नंतर नवं. जोडलेल्या फाइलीत मात्र वरच्या पातळीवरची फंक्शनं कंपाइल होतानाच नोंदली जातात, त्यामुळे पहिल्या ओळीपासून नवंच. तोच मजकूर, जोडल्यावर वेगळं उत्तर. वजनाच्या गोलाईत फरक पडला की बिलाचा आकडा बदलला.

आणखी तोटा म्हणजे कंपायलरला पण खात्री नसते. स्ट्रलेनसारखी (मजकुराची लांबी देणारी) काही फंक्शनं तो एरवी थेट सूचनेत बदलून टाकतो, पण नेमस्पेसमध्ये पुढे बॅकस्लॅश नसेल तर त्याला ते करता येत नाही. म्हणून मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये अंगभूत फंक्शनांपुढे बॅकस्लॅश लावलेले दिसतात. २०१४ च्या ५.६ आवृत्तीत फंक्शनं आणि कॉन्स्टंटही आयात करायची सोय आली, पण जुना नियम राहिलाच, कारण तो काढला तर जगभरचा कोड मोडेल.

तुमची भाषा अजून नवी आहे. अंगभूत नावं राखीव करून टाका, कुणालाच ती नव्याने लिहिता येऊ नयेत. मग बॅकस्लॅशही नको आणि शोधाशोधही नको.

देवगडकर

जावास्क्रिप्टवाल्यांनी या जोडाजोडीत सर्वांत जास्त सोसलं आहे, म्हणून थोडी भर घालतो. २०१५ च्या प्रमाणाआधी भाषेत मॉड्यूलच नव्हते. वीस फायली चिकटवून एक करायची आणि पानाला द्यायची ही रीत. एका फाइलीच्या शेवटी अर्धविराम राहिला आणि पुढची कंसाने सुरू झाली, तर दोन्ही मिळून फंक्शन कॉल तयार व्हायचा. (हे तुमच्या नावावरून नाही हो ताई.) आणि एका फाइलीच्या पहिल्या ओळीत 'यूज स्ट्रिक्ट' असेल तर जोडल्यावर ते खालच्या सगळ्यांना लागू, ज्यांनी कधी मागितलंच नव्हतं त्यांनाही. म्हणून प्रत्येक फाइल एका फंक्शनमध्ये गुंडाळायची पद्धत पडली. तेच ते, ब्लॉक हवाच.

टाइपस्क्रिप्टमध्ये नेमस्पेस आहेत. एकच नेमस्पेस अनेक फायलींत पसरवता येतो आणि बरीच वर्षं सगळ्यांची एक फाइलही काढून मिळायची. त्यात एक नियम मला फार आवडतो: एका तुकड्यात जे एक्सपोर्ट केलेलं नाही, ते त्याच नेमस्पेसच्या दुसऱ्या तुकड्यालाही दिसत नाही. सातपुडा म्हणतात ती खासगी गोष्टींची हद्द तिथे आपोआप पाळली जाते.

तरी टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा कंपायलर, जो कित्येक वर्षं नेमस्पेसमध्येच लिहिलेला होता, तो मार्च २०२३ च्या ५.० आवृत्तीत मॉड्यूलवर नेला गेला. जोडण्याचं काम बंडलर या वेगळ्या साधनाकडे दिलं. बंडलर सगळे मॉड्यूल एका हद्दीत आणतो आणि नावं आदळली तरच बदलतो. नेमस्पेसमधल्या फंक्शनला हाक मारताना दर वेळी ऑब्जेक्टमधून जावं लागायचं, ते वाचलं आणि कंपायलर बऱ्यापैकी वेगवान झाला. तुमच्याकडे वेगाचा प्रश्न नसेल, पण नेमस्पेस ही चालताना अस्तित्वात असणारी वस्तू करू नका. ती कंपाइल होतानाच विरून जावी.

अर्धविराम

देवगडकर यांच्या 'यूज स्ट्रिक्ट'वरून पीएचपीतलीच एक गोष्ट आठवली, टिंबटिंब दुजोरा देतील. पीएचपी ७ मध्ये स्ट्रिक्ट टाइप्सचं (मूल्यांचे प्रकार कडकपणे तपासा असं सांगणारं) डिक्लेअर आलं. ते फाइलीतलं पहिलं विधान असावं लागतं आणि त्याला ब्लॉकचं रूप नाही. नेमस्पेसला कंस दिले, याला नाही. मग एक कडक आणि एक सैल फाइल एकत्र जोडायची तर कुणा एकीचा अर्थ बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. रानभूल, तुमच्या भाषेत फाइलीच्या डोक्यावर अशी आणखी काही सेटिंग्ज आहेत का? चलन, गोलाई, तारखेचा साचा?

टिंबटिंब

पूर्ण दुजोरा. शिवाय चालू फाइलीचा किंवा फोल्डरचा पत्ता देणारे जे कॉन्स्टंट आहेत त्यांचीही तीच गत, जोडल्यावर ते जोडफाइलीचा पत्ता देतात.

एक सांगायला हवं. पीएचपीत फायली जोडायची मूळ गरजच आता ओसरली आहे. दर विनंतीला शेकडो फायली उघडून कंपाइल करणं महाग पडायचं, म्हणून जोडायचे. २०१३ च्या ५.५ पासून ऑपकॅश (कंपाइल झालेला कोड साठवून ठेवणारा) भाषेबरोबरच येऊ लागला, ७.४ मध्ये प्रीलोड (फायली आधीच लोड करून ठेवणं) आलं. आणि एकच फाइल वाटायची असेल तर 'फार' नावाचा, अनेक फायली एकीत बांधणारा प्रकार आहे, तो तर नेमस्पेसबरोबर ५.३ मध्येच आला. लायब्रऱ्या आणून देणारं कंपोजर हे साधन तसंच मिळतं. फारमध्ये फायली आत वेगवेगळ्याच राहतात, त्यामुळे यातला एकही प्रश्न उभा राहत नाही. ग्राहकाला सलग मजकूर हवा नसता तर मी तेच सुचवलं असतं.

रानभूल

गोलाईची सेटिंग आहे ताई, फाइलीच्या सुरुवातीलाच. 'गोलाई रुपया' किंवा 'गोलाई पैसा'. काही फायलींत एक, काहींत दुसरी. बरोबर तिथेच बोट ठेवलंत.

आज टीमशी बसून हे ठरवलं: सुटी फाइल म्हणजे एक ब्लॉक. जोडणारं साधन प्रत्येक फाइलीला महिरपी कंस घालेल, नेमस्पेस नसेल तर बिननावाचा. 'वापर' ओळी, खासगी नियम आणि गोलाई, तिन्हींची हद्द ब्लॉक. कंसांबाहेर काहीही चालणार नाही. अंगभूत नावं राखीव. माणसाने लिहिलेल्या फाइलीत मात्र एकच नेमस्पेस, कंस लिहायची परवानगी नाही.

दोन गोष्टी राहिल्या. जोडफाइलीत चूक निघाली तर कंपायलर सांगतो 'ओळ ४१७२', नियम लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि दोन फायलींनी एकाच पूर्ण नावाचा सार्वजनिक नियम लिहिला तर?

सातपुडा

पहिल्याचं उत्तर सीमध्ये पन्नास वर्षांच्या आसपास जुनं आहे. प्रीप्रोसेसर फायली जोडताना मध्ये '#लाइन' ची ओळ सोडतो: इथून पुढे अमुक फाइलीची अमुक ओळ समजा. तुमच्या प्रत्येक ब्लॉकच्या आधी तशी एक ओळ द्या:

#ओळ १ "घाट/पथकर.नियम"
नेमस्पेस दर\घाट {

कंपायलर तीच वाचून 'घाट/पथकर.नियम, ओळ १८' असं सांगेल, आणि छापील प्रतीत तपासनीसांनाही नियम कुठून आला ते दिसेल. फक्त कंसाची ओळ साधनाने घातलेली आहे, त्यामुळे मोजणी तिच्यानंतरच्या ओळीपासून सुरू करा, नाहीतर सगळे आकडे एकाने पुढे सरकतील.

दुसऱ्याचं म्हणाल तर जोडतानाच थांबवा आणि दोन्ही फायलींची नावं, दोन्ही ओळी दाखवा. चालवण्याच्या वेळेपर्यंत ढकलू नका.

टिंबटिंब

सातपुडांना +१. पीएचपीत वर्डप्रेसवाल्यांना हा त्रास फार होतो. दोन प्लगइन एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या घेऊन येतात, नेमस्पेस तोच, क्लास तोच. जी आधी लोड झाली ती चालते आणि दुसरं प्लगइन भलत्याच ठिकाणी मोडतं. मग लोक साधन वापरून अख्ख्या लायब्ररीच्या नेमस्पेसला उपसर्ग लावतात, त्यातही स्ट्रिंगमध्ये लिहिलेली क्लासची नावं सुटतात ती सुटतातच. तुमच्या भाषेत नियमाचं नाव स्ट्रिंगमधून हाकारता येतं का? येत असेल तर ती सोय पहिल्या आवृत्तीत देऊ नका. पुढे कधी नेमस्पेसचं नाव बदलायची वेळ आली, तर साधनाला सगळी नावं सापडली पाहिजेत.

रानभूल

येतं, एका ठिकाणी. जिल्ह्याचं नाव जोडून नियम शोधतो आम्ही. ते काढून साधा तक्ता करतो: डावीकडे जिल्हा, उजवीकडे नियमाचं पूर्ण नाव. व्याकरणाचा मसुदा झाला की याच धाग्यावर टाकतो, तेव्हा सगळ्यांनी पुन्हा एकदा चिरफाड करावी ही विनंती.